तीन एकर दहा गुंठे

बाई, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली आणि आज मी लिहायला बसलोय. तुम्ही मला एक सवय लावली होती. ती मधेच कुठंतरी सुटली, आणि सुटल्याचं कळायला माझी पन्नाशी जवळ यावी लागली. एरवी तुम्हाला एवढं लांब काही लिहायची माझी हिंमत झाली नसती, कारण तुम्ही आधी शुद्धलेखन बघितलं असतं.

मी मास्तर झालो एवढं तुम्ही पाहिलंत. पुढचं सांगतो. सध्या उंब्रजच्या बाजूला एका शाळेत पाचवीला शिकवतो. वर्गात भिंतीवर मोठा टीव्ही आहे आणि मुलांच्या हातात टॅब. मला तंत्रस्नेही शिक्षक म्हणतात, तसं प्रमाणपत्रही मिळालंय, आणि बाकीच्या शिक्षकांना शिकवायला मला बोलावतात. हसू नका. मुलं गणित सोडवतात, टॅब तिथल्या तिथं हिरवं की लाल ते दाखवतो, आणि संध्याकाळी आईबापांच्या मोबाईलवर अहवाल जातो. वह्यांचे गठ्ठे घरी नेऊन तपासताना डोळे जायचे, ते वाचले. खोटं कशाला बोलू, मला हे सगळं मनापासून आवडतं.

तुमचं तपासणं म्हणजे काय होतं. कडेगावातली ती शाळेमागची खोली. तुम्ही परातीत भाकरीचं पीठ मळताय, स्टोव्हवर तवा तापलाय, आणि मी वही घेऊन दारात उभा. हात पिठाचे, म्हणून वही तुम्ही हातात घेतच नाही. 'वाच' म्हणता. मी उत्तर वाचतो. 'उत्तर नाही विचारलं. कसं केलंस ते सांग.' मी सांगत जातो, तुम्ही भाकरी थापत जाता, आणि थापण्याचा आवाज मधेच थांबला की समजायचं, इथं आपण माती खाल्ली. एकदा मी गाईडातून उत्तरं उतरवून आणली. सगळी बरोबर होती, पण पहिलंच गणित कसं केलं ते मला सांगता येईना. तुम्ही ओरडला नाहीत. 'ह्यात तू कुठं हायस रं?' एवढंच म्हणालात आणि भाकरी उलटली. त्यापेक्षा मार परवडला असता. वर मला जेवायलाही बसवलंत, आणि मी मान खाली घालून दोन भाकरी खाल्ल्या.

आता माझ्या वर्गातल्या एका मुलीचं सांगतो. तिच्या बापाचा ट्रॅक्टर आहे, लोकांची रानं नांगरून देतो. मुलगी अबोल, पण वर्गात कधी मागं नव्हती. दशांशाच्या बेरजा सुरू झाल्या आणि टॅब तिला रोज लाल दाखवायला लागला. चार दिवसांनी टॅबनंच तिला खालच्या गटात टाकलं आणि तिसरीची गणितं द्यायला सुरुवात केली. तीही बिचारी मुकाट्यानं सोडवायची. मग एका सकाळी बाप शाळेत आला. 'आवं सर, मोबाईलवर रोज लालच दिसतंय. तिला न्हाई झेपत. शिष्यवृत्तीतनं नाव काढा तिचं, उगं पोरीच्या डोक्याला ताप नको.' मुलगी शेजारीच उभी होती. मी अहवाल बघितला, मान डोलावली आणि नाव काढलं. तेव्हापासून शिष्यवृत्तीच्या तासाला बाकीची मुलं आत बसायची आणि ही एकटी व्हरांड्यात. जाता येता मला दिसायची, आणि मी पुढं जायचो.

पुढच्या आठवड्यात मी तिला फळ्यापाशी बोलावलं. १.३० अधिक १.२०. तिनं लिहिलं ३.१०. 'हे कसं केलंस?' मी म्हणालो. खडू हातात धरूनच ती हळू आवाजात म्हणाली, 'एक एकर तीस आनि एक एकर वीस. तीस आनि वीस, पन्नास गुंठं. त्यातल्या चाळीस गुंठ्याचा एक एकर झाला, दहा ऱ्हायलं. तीन एकर दहा.'

रोज संध्याकाळी बाप घरी आला की दिवसभरात कुणाकुणाचं किती रान नांगरलं त्याची बेरीज हीच पोर करून देते. त्याच्या वहीत एकर आणि गुंठ्यांच्या मधे टिंबच असतं. टिंब दिसलं की तिला रान दिसतं. इतके दिवस तिची एकही बेरीज चुकली नव्हती, आणि एवढी वर्षं ह्याच भागात राहून मला ते सुचलं नव्हतं. मला लाज वाटली, बाई. फळ्याकडं तोंड करून मी उगीचच पुसत बसलो.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. बाप ट्रॅक्टर धूत होता. सगळं ऐकून म्हणाला, 'व्हय की, माझं समदं रान तीच मोजती. मग नापास कशी काय झाली?' मी म्हणालो, 'ती नाही, मी झालो.' फॉर्म भरायची मुदत अजून होती म्हणून निभावलं, नाव परत घातलं. दशांश तिला एका तासात कळला. फक्त दर गणिताआधी विचारते, 'सर, ह्यो एकर हाय का नुसता आकडा?' टॅबवर माझा राग नाही, त्याला बिचाऱ्याला गुंठे कोण सांगणार. पण आता लाल आलं की मूल माझ्याकडं येतं आणि कसं केलं ते सांगतं. वेळ जातो, अभ्यासक्रम मागं पडतो, वरून विचारणा होते. होऊ दे.

एवढं लिहून पुन्हा वाचलं, तर मी त्यात फारच शहाणा दिसतोय. पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. त्या दिवशी तिला फळ्यापाशी बोलावलं ते तुमची आठवण होऊन नव्हे. आदल्या दिवसापासून लाईट नव्हती, टॅब बंद पडले होते, आणि तास कसातरी काढायचा म्हणून समोर दिसली तिला उठवलं. तिचं उत्तर बघून माझं डोकं सणकलं. 'हे कसं केलंस' असं मी तिला विचारलं नव्हतं, बाई. ओरडलो होतो. विचारलंय असं समजून तिनंच उत्तर दिलं.