वांग्यावरचा आळ

प्रिय गार्गी,

हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत दाण्याचा एक कणही तोंडात घालू नकोस. उद्यासाठी साबुदाणा भिजत घातला असेल तर असू दे, पण त्या खिचडीला तू शिवू नकोस. बाबा समोर बसले असतील. पत्र तुझ्याच हातात द्यायचं आणि तू शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्याशिवाय उठायचं नाही, असं मी त्यांना बजावलंय. आत काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नाही. मुलुंडहून चेंबूरला रिक्षा करून जाण्याएवढं काय अडलंय, म्हणत कुरकुरत निघाले.

रविवारी फोनवर किती उत्साहात होतीस! लग्नानंतरचं पहिलं नवरात्र, सासूबाईंबरोबर नऊ दिवस उपास धरणार, त्यांच्या खिचडीत कूट अगदी सढळ हाताने असतं, पण आता काय, माझी ॲलर्जी तर केव्हाच गेली, म्हणालीस. दाणे खाऊ नकोस म्हटलं तर तू हसलीस. मेसेज केला, त्यावर हसऱ्या तोंडांची रांग पाठवलीस. पुन्हा फोन केला तर तू स्पीकर लावलेला, आणि विमलाताई मागून म्हणताहेत, अहो किती काळजी कराल, आता ती आमचीही लेक आहे. त्यांच्या देखत मला बोलवेना. भित्री आहेच मी. घट बसायच्या आधीच माझा उपास सुरू झालाय, तीन दिवस घास उतरत नाही.

चार वर्षांची असताना खाल्लेली चिक्की तुला आठवणार नाही. अर्धा तुकडा खाल्लास आणि डोळे उघडेनात इतके सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. बाबा तुला उचलून दवाखान्यात पळाले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. त्या दिवसापासून दाणे घरातून हद्दपार झाले. मराठी घर आणि कूट नाही, म्हणजे कोशिंबीर, पालेभाजी, उपास, सगळ्याचीच पंचाईत. मैत्रिणींच्या वाढदिवसांना तुला घरचा डबा देऊन पाठवायचे. तू तो कोपऱ्यात बसून खायचीस आणि घरी येऊन कधी चकार शब्द काढायची नाहीस. तेच मला जास्त लागायचं.

अकराव्या वर्षी रक्त तपासलं तर ॲलर्जीचा आकडा खूप उतरलेला. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी जात असावी, पण खात्री करायची तर हॉस्पिटलमध्ये या. आमच्या डोळ्यांदेखत थोडे थोडे दाणे खाऊ घालू, अर्धा दिवस लागेल. तारीखसुद्धा दिली होती. मी गेले नाही, गार्गी. तिथे बसून तुझा चेहरा पुन्हा तसा सुजताना मला बघवला नसता. मग मी काय केलं, तर तुझ्या डब्यातल्या भाजीत गुपचूप चिमूटभर कूट घालायला लागले. पहिल्या दिवशी मधली सुट्टी संपेपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेर घाम पुसत उभी होते. काही झालं नाही. चिमटीचा हळूहळू चमचा झाला. वर्षभर तारीख पुढे गेली म्हणत राहिले आणि मग तुम्हा दोघांना सांगून टाकलं, डॉक्टरांचा फोन आला होता, रिपोर्टवरूनच कळलं, ॲलर्जी गेली, यायची गरज नाही. तू सोफ्यावर उड्या मारल्यास. असा फोन कधी आलाच नव्हता. विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात, मी ती पोटच्या पोरीवर घेतली.

काल घाटकोपरला एका ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. शेजारणीच्या मुलीचं म्हणून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दाण्याची ॲलर्जी काहींची मोठेपणी जाते, काहींची जन्मभर राहते, आणि गेलेली परतही येते, विशेषतः मध्ये दाणे खाणं सोडून दिलं तर. मागच्या वेळी थोडक्यात निभावलं म्हणून पुढच्या वेळीही निभावेल, असा हिशेब तर मुळीच धरायचा नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, त्या शेजारणीला सांगा, मुलीला आजच्या आज कळू दे.

तू म्हणशील, मागची वेळ कुठली? दहावीत असताना भरली वांगी केली होती, आठवतात? जेवता जेवता तुझे ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, घसा खाजतोय म्हणत रडायला लागलीस. मी गोळी दिली, रात्रभर उशाशी बसले आणि सकाळी सांगितलं, तुला वांगं बाधतं. तेव्हापासून तू वांग्याला हात लावला नाहीस. लग्नाच्या जेवणातूनही काढायला लावलंस, विमलाताईंनाही पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलंस. वांग्याने तुझं काही वाकडं केलं नव्हतं गं. त्या मसाल्यात माझं कूट होतं, त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट. दुसऱ्या दिवशी कुटाचा डबा रिकामा करून टाकला, बाबांच्या पित्ताचं निमित्त सांगून पुन्हा भरला नाही. बाहेरही तू लहानपणच्या सवयीने दाणे टाळत आलीस, म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे गेली अकरा वर्षं तुझ्या पोटात दाणा गेलेला नाही. खरं बोलले असते तर तुला इतकं निर्धास्त राहता आलं नसतं. तुझी ॲलर्जी आहे की नाही, मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. शुक्रवारी सकाळी नऊची हॉस्पिटलची वेळ घेतली आहे. या वेळी मी येईन आणि समोर बसेन, तू येऊ दिलंस तर. तोवर उपासाला राजगिरा खा, वरी खा, आणि विमलाताईंना खरं कारण सांग, माझी लाज राखायला जाऊ नकोस. रागाव, बोलू नकोस माझ्याशी, फक्त दाणे खाऊ नकोस. आणि वाचून झालं की हे पत्र बाबांच्या हातात दे. त्यांना तोंडाने सांगायचं मी अकरा वर्षं ठरवतेय.

तुझीच, आणि आज तुझ्याच फोनला भ्यायलेली,
आई