लिफाफ्यावर वहिनीचं नाव

अंदमान, बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप रॉबर्टदादास,

धाकट्या मायकलचा नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? हे मी रिवाज म्हणून विचारत नाही. गुडघा, दम, भूक, सगळं कळव. नाही, कळवू नकोस. नुसता बरा राहा. लिफाफ्यावर आल्बिनावहिनीचं नाव आहे म्हणून गोंधळू नकोस, पत्र तुलाच आहे. असं का केलं ते ता.क. मध्ये येईल. फोन केला असता, पण या बेटावर फोन एकाच जागी लागतो, ऑफिसच्या पायरीवर, आणि त्या पायरीवर दिवसभर परेश बसलेला असतो. (परेश म्हणजे आमच्यासारखाच एक पाहुणा. आपल्या वसईकडचाच, फुलपाड्याला राहतो, वालीवला त्याचा नटबोल्टचा कारखाना आहे. माणूस मनाने चांगला आहे. त्याचाच त्रास होतो.)

लग्नाला अडतीस वर्षं झाली म्हणून आमच्या प्रियलने मला आणि लुईझाला इथे पाठवलं. पोरीने हौसेने केलं. मला वाटलं समुद्राकाठी राहायचं, म्हणजे घरच्यासारखंच, फक्त जाळी शिवायची नाहीत. आल्यावर कळलं की या रिसॉर्टात लोक समुद्राच्या काठी राहत नाहीत, खाली जातात. पाठीवर हवेची टाकी बांधतात, तोंडात नळी धरतात, मासे बघतात आणि हसत वर येतात. रिकाम्या हातांनी. पहिल्या दिवशी मी एकाचं सांत्वन केलं. म्हटलं, रोजच मिळते असं नाही. जेवणात मासळी नसते, कारण सकाळी ज्यांना भेटलो त्यांना दुपारी खाऊ नये, अशी पाटी आहे. मी चार दिवस पनीर खातो आहे. (पनीरला काटा नसतो. त्यामुळे जेवताना लक्ष कुठे ठेवायचं ते कळत नाही.)

प्रियलने नुसती खोली घेतली नव्हती, दोघांसाठी पाण्याखालचा कोर्सही घेतला होता. उन्नती म्हणून पुण्याची एक मुलगी शिकवते. तिने फॉर्म दिला. त्यात विचारलं होतं, पोहता येतं का? परेश माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो म्हणाला, "काकांना काय विचारता मॅडम! चाळीस वर्षं बोट चालवलीय त्यांनी. पाचूबंदरचे तांडेल आहेत. ओरिजिनल." मी 'हो' लिहिलं.

दादा, तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. बाबांनी आपल्याला वारा शिकवला, भरती-ओहोटी शिकवली, पोहायला शिकवलं नाही. म्हणायचे, पोहता आलं की पोरगा बोट नीट धरत नाही. आपण नीट धरली. चाळीस वर्षांत एकदाही पडलो नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. आता तो परेश सगळ्याचे व्हिडिओ काढतो आणि वसईत त्याची माणसं आहेत. मायकल तांडेल छातीभर पाण्यात बुडतो, हे बंदरावर पोचलं तर ते माझ्यापाशी थांबणार नाही. दुसऱ्या दिवशी तुलाही कोणी तरी विचारील.

कोर्सच्या आधी परीक्षा असते. दोनशे मीटर पोहायचं, मग दहा मिनिटं तरंगायचं. लुईझा पहिली उतरली आणि पार झाली. मी बघत राहिलो. नंदाखालच्या वाडीतली बाई, केळी-नारळात वाढलेली, आपल्या बोटीवर चढताना अजून माझा हात धरते. म्हटलं, कुठे शिकलीस? म्हणाली, "आमच्या बावखलात. पानी कमी होतं, पन होतं." (बावखल म्हणजे तिच्या वाडीतलं तळं. मी त्यात फक्त म्हशी बघितल्या होत्या.) अडतीस वर्षांत कधी बोलली नाहीस? "तू कदी विचारलंस?" मग ती टाकी बांधून खाली गेली. वर आल्यावर उन्नतीने सगळ्यांना विचारलं, काय पाहिलं. लोक रंग सांगत होते. लुईझा म्हणाली, "तांबोशी. दोन किलोची. माझ्याकडे बगत होती."

माझी पाळी सोमवारी होती. सकाळी मी उन्नतीला एक गोष्ट सांगितली आणि परीक्षा माफ झाली. तेव्हापासून सगळे फार चांगले वागतात. परेशने गाणी लावणं बंद केलं. माझ्या टेबलावर मेणबत्ती असते. लोक तुझी चौकशी करतात. तुझ्याबद्दल मी तीन चांगल्या गोष्टी सांगितल्या. (दोन खऱ्या आहेत.)

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा भाऊ,
मायकल

ता.क. ती गोष्ट अशी. आमच्यात घरचं माणूस गेलं की महिनाभर पाण्यात उतरत नाहीत, असं मी म्हणालो. (आपल्यात असं काही नाही. मला सुचलं.) कोण गेलं, असं तिने विचारलं. जवळचं कोणी तरी हवं होतं. कशाने, असं विचारलं तेव्हा मी 'अचानक' म्हणालो. तुझ्या अंगाला आजार लावला नाही. लुईझा तेव्हा पाण्याखाली होती. ती वर आल्यावर बायकांनी तिचे हात हातात घेतले, तिला वाटलं मासा सांगितला म्हणून. नंतर कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "रॉबर्टदादा? बरं." तर कृपा करून आम्ही येईपर्यंत इथे फोन करू नकोस आणि आमच्या प्रियललाही यातलं काही बोलू नकोस.

ता.क. २. परेश उद्या निघतो. शुक्रवारी संध्याकाळी तो स्वतः तुझ्या घरी हे पत्र आणि एक पुष्पचक्र घेऊन येईल. मी नको म्हणालो. तो ऐकत नाही. हे वाचशील तेव्हा दार वहिनीनेच उघडलेलं असू दे. तू आतल्या खोलीतच राहा आणि खोकू नकोस.

ता.क. ३. संध्याकाळ. वरचं सगळं रद्द. उन्नतीने तुझ्यासाठी एक दगड तयार केला आहे. शनिवारी सकाळी तो समुद्राच्या तळाशी ठेवायचा, बारा मीटरवर, आणि भावाने स्वतःच्या हाताने ठेवायचा. रिवाजाचं मी सांगितलं. ती म्हणाली, हे उतरणं नाही काका, हा निरोप आहे, मी तुमची टाकी धरेन. दगडावर पांढऱ्या रंगाने तुझं नाव आहे. रंग ओला होता. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. मला पनीरही गेलं नाही.

त्यापेक्षा मी परीक्षाच देतो, ती छातीभर पाण्यात असते. लुईझा शेजारी उभी राहीन म्हणते, हसणार नाही असं म्हणत नाही. बंदरावर कळायचं ते कळू दे. परेशच्या फोनवरून उन्नतीला फोन लाव आणि जिवंत असल्यासारखा बोल. तो पडवीत बसला असेल. चहा तूच घेऊन जा. कप आधी खाली ठेव, त्याच्या हातात देऊ नकोस.