गव्हाचं कळल्यावर

लेकीच्या आईस,

लेक आता जिना पळत चढते. चार महिन्यांपूर्वी तीही तुझ्यासारखीच तिसऱ्या पायरीवर बसून राहायची, पोट धरून. तुझ्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की थकवा मनाचा आहे, आणि मी तेच उचलून धरलं. बेकरीत गिऱ्हाइकांसमोर तुला म्हणालो, "कामाचं नाव काढलं की हिचं अंग मोडून येतं." त्याच आठवड्यात तू भावाकडे निघून गेलीस.

लेकीला मात्र मी पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला.

"हिला गहू चालत नाही. आतडं आतून खराब झालंय, मग खाल्लेलं अंगी कसं लागणार? घरात आणखी कुणाला असा थकवा आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

लेकीने माझ्या हातातला आपला हात काढून घेतला.

तू थकलीस की मी भट्टीतला पहिला गरम पाव तुझ्या हातात द्यायचो. मला ती माया वाटायची. तू माझं मन राखायला खायचीस आणि तासाभरात आडवी व्हायचीस. तिकडेही तुझ्या ताटात गहूच असणार. हे ठाऊक असूनही पाकिटावर पत्ता लिहायला माझा हात धजत नाही.

गेल्या आठवड्यात लेकीने विचारलं, "बाबा, आईला कळवलंत का?"

"पत्र टाकलंय," मी म्हणालो.

तेव्हापासून ती रोज दुपारी दारात उभी राहून पोस्टमनची वाट बघते.

तुझा म्हणवून घ्यायला लाजणारा,
बेकरीवाला