साबणाच्या पेजेत मीठ

आई, तुझ्या सुनेचा साबण आता भोरला, माझ्या ऑफिसपर्यंत येऊन पोचला. गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पर्समधून एक वडी काढून माझ्या नाकाशी धरली. "वेल्ह्याच्या बाजारात मिळाली. तांदळाच्या कणीचा साबण आहे म्हणे. अंग कसं मऊ राहतं बघा. तुमचं माहेर तिकडचंच ना?" वडीला कागद गुंडाळलेला, त्यावर छापलेलं : 'सासूबाईंच्या हातची रीत'. मी म्हटलं, हो, तिकडचंच. ती सासूबाई म्हणजे माझी आई, हे मात्र तोंडातून निघालं नाही. कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग तुम्हालाही येत असेल की. आणि मला येत नाही. तुझ्या पोटची एकुलती एक लेक मी, आणि तुझी रीत कागदावर छापून मिरवतेय ती सून. माझ्या पोटात दुखलं, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता लपवायचं तरी कुणापासून?

मला ती पडवी दिसते. मी मार्गासनीला एसटीतून उतरून, पोराला कडेवर घेऊन वाडीची चढण चढून येते. शेरडं अंगणातल्या खुंट्याला बांधलेली आहेत. माझं लग्न झाल्यावर तू महिला मंडळाच्या बाईंकडून साबण शिकलीस, आणि गिरणीत भात कांडून उरलेल्या कणीची पेज त्यात घालायचं तुझं तूच काढलंस. बाईंनी साधं पाणी सांगितलं होतं. तू म्हणालीस, पेजेनं माणूस अंग धरतं, तर कातडं का धरणार नाही? गार झालेल्या पेजेत तू कॉस्टिक सोडा विरघळवतेस, त्यात करंजाचं आणि खोबऱ्याचं तेल सोडतेस, आणि सून लाकडी दांड्यानं ढवळत राहते. मी उंबऱ्याशी दिसले रे दिसले की तू परात उचलून पातेल्यावर झाकतेस. "तू बस गं तिकडं. माहेरपणाला आलीस, हात कशाला वले करती?" मग मला चहा मिळतो, दुधावरची साय मिळते, पोराला तेल लावून आंघोळ मिळते. निघताना पिशवीत चार वड्या मिळतात. पातेल्यात काय चाललंय तेवढं बघायला मिळत नाही. मी सायीचा चहा पीत बसते, आणि तुम्ही दोघी एकमेकींशी डोळ्यांनी बोलता. घट्ट झालं का? न्हाई अजून. तेव्हा मला वाटायचं, मी या घरात पाहुणी झाले आणि ती लेक झाली.

म्हणून गेल्या रविवारी मी स्वतःच करायला घेतला. त्या बाईंना दाखवायचा होता, दुसरं काय. कृती मोबाईलवर मिळाली, सोडा आणि तेल भोरच्याच दुकानात मिळालं. कणी घ्यायला माझा अहंकार आड आला, मी पेजेला चांगला आंबेमोहोर शिजवला. सुनेनं कणी वापरावी, लेकीनं आंबेमोहोर. तासभर ढवळलं, डब्यात ओतलं, वर गोधडी टाकली. दुसऱ्या दिवशी कापायला घेतला तर सुरीखाली सगळा रवाळ भुगा. तेल बाजूला, पाणी बाजूला, आणि वास म्हणशील तर आंबेमोहोराचा कुठं मागमूस नाही. नवरा म्हणाला, भांडी घासायला तरी चालेल. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

परवा सुट्टी होती. मी तो भुगा पिशवीत बांधला, नसरापूरला गाडी बदलली आणि वाडीत गेले. का गेले, मला नीट सांगता येणार नाही. भांडायलाच गेले असेन. तुझी सून पडवीत वड्या कापत बसली होती. केस पिकलेत आता तिचे. तिनं भुगा हातात घेतला, चिमूटभर जिभेला लावून थुंकला आणि गालात हसली.

"वन्सं, पेजंत मीठ घातलं व्हतं का?"

घातलं होतं. भात शिजत लावला की हात आपोआप मिठाच्या बरणीकडं जातो, मला आठवतसुद्धा नव्हतं. मी मान हलवली.

"आवो, माजाबी पयला घाणा आसाच नासला. रोजची पेज समजून मीठ टाकलं. आत्या लई बोलल्या मला. म्हनल्या, साबनाला काय जेवाया वाडायचंय व्हय?"

ती हसली, मलाही हसू आलं. तू हे बोललीस तिला. लग्नानंतर तू मला एकदाही बोलली नाहीस. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आपल्याकडं उलटं झालं, सुनेला बोललेलं इतक्या वर्षांनी लेकीला लागलं. चूक दोघींची तीच, पण तिच्या चुकीला तू होतीस. माझ्या चुकीला भांडी घासायचा सल्ला देणारा नवरा.

मग मी बोलून गेले. "मी आले की आई पातेलं झाकायची. तुला सगळं दाखवलं, मला एवढंही दाखवलं नाही."

तिनं सुरी खाली ठेवली. "तुमाला त्ये तसं वाटलं व्हय?" म्हणाली, आणि बाही वर सारून हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत पांढुरके डाग. "सोडा उडतो त्यातनं. तुमी चढन चडताना दिसल्या की आत्या म्हनायच्या, झाक आदी, पोरीच्या हातावर उडंल. आन् माज्या हातावर उडला की म्हनायच्या, पानी वत आन् ढवळ, थांबू नगं. लई राग यायचा मला तुमचा. ही कवा जाती, आसं व्हायचं. आता काय."

तिनं बाही खाली ओढली आणि पुन्हा कापायला लागली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे. तुझ्या फोटोमागं ठेवावं म्हटलं, तर फोटोही तिच्याच घरात, आणि रोज पुसते ती, तिच्या हाती लागेल. तिच्या हाती लागू नये असं यात एकच आहे. ते डाग बघून मला तिच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण मागाहून. आधी मला बरं वाटलं, आई. इतकं बरं वाटलं की ते तोंडावर दिसू नये म्हणून मी मान खाली घातली. तिला वाटलं, मला रडू आलं. ती उठून जवळ आली, तोच हात माझ्या पाठीवरून फिरवत राहिली, आणि मी फिरवू दिलं.