इस्त्रीवालीचं पत्र

ती. आईस,

"मी रागावलेली नाही, असं लिहा," आमची इस्त्रीवाली हात न थांबवता सांगत होती आणि मी तिच्या मुलाला पत्र लिहीत होतो. धर्मकार्यासाठी इथे आल्यापासून मी दारोदार जाऊन लोकांना धीर देतो. तिचं पत्र मात्र आज-उद्या करत दोन महिने राहिलं. तुझंही.

"नीट जेवतोस ना, एवढं विचारा. आणि तुम्ही घरी कधी लिहिलंत?"

मी कागदाची घडी घालत बसलो.

"मग घ्या दुसरा कागद. लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही."

म्हणून हे पत्र. मी नीट जेवतो. खोकला गेला, जवळजवळ. बाबांचा गुडघा कसा आहे? तू रागावली नाहीस ना?

तुझा धाकटा

ता. क. सकाळी ती कपड्यांच्या आधी पत्रं न्यायला आली. दोन्ही तीच पेटीत टाकणार आहे.