हान्सला काम द्यायचं नाही

६ जानेवारी १९६९
आज कारखान्यात जर्मन पोरगा आला. हान्स. तीन महिने शिकाऊ. इंजिनिअर होतोय, पण आधी तिकडे प्रेस शॉपमध्ये हाताने काम केलेलं. माझ्या खात्यातले पॉवर प्रेस बघून थबकलाच. "फोरमन, गार्ड कुठाय?" म्हटलं, गार्ड नाही, देव आहे. हसला नाही. बोटं आत जाऊ नयेत अशी जाळी मी बनवतो, म्हणाला. फार बरं वाटलं. दोन नंबरच्या प्रेसवर बायकोचा, सुमनचा भाऊ बसतो, वसंता. त्याची धास्ती रोजचीच.

९ जाने.
हान्सला पत्रा कापायला बसवला. मॅनेजर फेरीवर आले, माझी सालटी काढली. "पाहुणा आहे तो! त्याचे हात काळे करता? तिकडे जाऊन काय सांगेल?" हान्सला वर ऑफिसात खुर्ची, पंखा, नारळपाणी.

२० जाने.
अजून खुर्चीतच. गिऱ्हाईक आलं की त्याला दाखवतात. सुट्टीत खाली आला, "काम द्या, मी सडतोय." जाळीचं ड्रॉइंग सोबत. जाळीच्या पत्र्यासाठी चिठ्ठी वर पाठवली. उत्तर: पाहुणा गेल्यावर बघू.

२६ जाने.
हान्स मुलुंडला घरी जेवायला. पुरणपोळ्या. बिचारा ताट उचलायला गेला तर सुमनने हातातून काढून घेतलं. वसंता म्हणे, "दाजी, सांगा ना त्याला, पहिली जाळी माझ्या मशीनला."

११ फेब्रु.
वसंता. उजव्या हाताची चार बोटं.
लिहवत नाही.

१२ फेब्रु.
वसंता शुद्धीवर. हात बघत नाही. मॅनेजर फळं घेऊन आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाहुण्यासमोर असं व्हायला नको होतं हो." मारावंसं वाटलं. मान हलवली.
सुमन दिवसभरात एकदाच बोलली. "तुमच्याच खात्यात होता ना तो?"

१४ फेब्रु.
दोन नंबर धुऊन पुसून तयार. उद्या सकाळी शिंदेला बसवा, असा हुकूम. शिंदे खूश, त्याला ओव्हरटाइम हवाच होता.
दुपारी हान्स बॉयलर सूट घालून खाली आला. वर जायला तयार नाही, शिंदे बसायच्या आत जाळी करू म्हणतो. पत्रा स्टोअरमध्ये, सहीशिवाय निघत नाही. स्टोअरची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. वापरली तर नोकरी गेलीच समजायची, आणि आता वसंताचं घरही माझ्यावर.
एरवी खात्यातच राहणारी किल्ली आज खिशात घालून घरी आलोय. सुमनला सांगितलेलं नाही.