अध्यक्ष उभ्या राहिल्या

११ फेब्रुवारी १९९७
अध्यक्ष मी! कॉलेजच्या अभिरूप विधानसभेची. मंत्री व्हायला सगळ्यांची झुंबड, अध्यक्षपद मात्र कुणालाच नको — भाषण ठोकता येत नाही ना! माझी मैत्रीण सगीरा विरोधी पक्षनेता झाली. तिला शोभतंच. शनिवारी दोन खरे आमदार येणार, आमच्यात बसून चर्चा करून दाखवणार. एक आमच्या तालुक्याचे आप्पासाहेब. दुसरे विधान परिषदेचे दादासाहेब, त्यांच्याविरुद्ध दोनदा निवडणूक लढलेले हाडवैरी.

१३ फेब्रुवारी
उस्मानपुऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आईचा निरोप — "रविवारी गोकर्णाचं लगीन. तू तरी ये."
गोकर्णा माझी चुलतबहीण. देवगावात आमची आणि तिच्या वडिलांची, कडूबाकाकांची, भिंत एकच. पण दोन निवडणुका झाल्या, माझे वडील, अण्णा, सख्ख्या भावाशी बोलत नाहीत. अण्णा आप्पासाहेबांचे, काका दादासाहेबांचे. मतदानाच्या दिवशी काठ्या निघाल्या होत्या. आता अण्णा म्हणतात, "साहेबांच्या वैऱ्याच्या मांडवात मी पाय ठेवायचा नाय." पोरीच्या लग्नात चुलता नाही! गोकर्णा जेवत नाही म्हणे.

१५ फेब्रुवारी
आज आमची विधानसभा भरली.
दादासाहेब बोलत होते, तेवढ्यात आप्पासाहेब तावातावाने उठले. काय ते आवाज! एवढी मोठी माणसं उभी आणि मी खुर्चीत? घरी वडीलधारं माणूस उभं असलं की आम्ही बसत नाही. मीही उठले.
आणि दोघंही खाली बसले. अर्धं वाक्य तोंडातच ठेवून!
मला वाटलं, काहीतरी भयंकर चुकलं. आप्पासाहेब हसून म्हणाले, "अध्यक्ष उभे राहिले की सभासदानं बसायचं असतं. मग तो मुख्यमंत्री का असेना." मी, पुंजारामची पोर, उभी — आणि आमदार बसलेले! नंतर सगीरा म्हणाली, "तू खडी हुई तो दोनों बैठ गए. मेरा तो दम अटक गया."
मग चहा. आप्पासाहेबांनी आपला कप दादासाहेबांपुढे सरकवला. विचारलं, "वहिनींचं ऑपरेशन कसं झालं?" दादासाहेब म्हणाले, "तुम्ही सांगितलेला डॉक्टर लई चांगला निघाला." मी बघतच राहिले. एवढं भांडून असं बसता येतं!
धीर करून सांगितलं — देवगाव रंगारीच्या पुंजारामांची मुलगी, कडूबांची पुतणी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
"कोण पुंजाराम?" आप्पासाहेब म्हणाले. मग डोक्यावर हात ठेवला. "शिक बाळ, लई शिक."
कडूबा कोण, ते दादासाहेबांनाही आठवलं नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळ
पहिल्या एसटीने गावी आले. मी उभी राहिले आणि साहेब बसले, हे अण्णांनी दोनदा सांगायला लावलं. छाती फुगली त्यांची. मग हळूच विचारलं, "माझं नाव काढलंस का? काय म्हणले साहेब?"
मी आईला हाक मारून आत पळाले. पलीकडे सनई सुरू झालीये. खोटं बोलले तर अण्णा खूश, पण त्या मांडवात कधीच जायचे नाहीत. खरं सांगितलं तर त्यांच्याजवळ काय उरेल? साहेबांसाठी डोकं फोडून घेतलंय त्यांनी. फार भीती वाटतेय.

१६ फेब्रुवारी, दुपार
सांगितलं. चहाचंही सांगितलं. अण्णा उठले. मग टोपी घातली आणि मांडवात गेले. काकांनी वाढायला वरणाची बादली अण्णांच्या हातात दिली.